रात्रपाळीनंतरची न्याहारी

प्रिय गुंडी,

तू पडद्यापलीकडे झोपली आहेस आणि मी इकडे ओट्यावर कागद पसरून उभ्यानं लिहितोय. उभ्यानं लिहायची खोड दुकानातली. कापड बेतायच्या टेबलाशी उभं राहण्यात जन्म गेला, खुर्चीत बसलो की माझं डोकं चालत नाही. खाली दोरखंडाच्या दुकानात दुपारची सामसूम आहे, फक्त डांबराचा वास तेवढा जिन्यानं वर येतोय. पहिल्या दिवशी या वासानं माझं डोकं धरलं होतं आणि या मुलीला इथे झोप लागते तरी कशी, याचं नवल वाटलं होतं. आता मलाही छान लागते. अक्षराला हसू नकोस. खडूनं कापडावर रेघा मारणाऱ्या माणसाचं अक्षर आहे, आणि इतकं लांबलचक मी आयुष्यात कधी काही लिहिलेलं नाही. पण तोंडानं सांगायला गेलो तर काय होईल ते मला ठाऊक आहे. तुझे डोळे भरले की माझं बोलणं तिथेच संपतं. म्हणून हा खटाटोप.

मी इथे कशाला आलो हे तुलाही माहीत आहे नि मलाही. तुला न्यायला. तू फोनवर इकडच्या वाऱ्याचं, खोलीतल्या गळक्या नळाचं काहीबाही सांगत होतीस आणि मधेच थांबून म्हणालीस, ‘बाबा, मला न्यायला या.’ का, म्हणून मी विचारलं नाही. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा अर्धा शिवून झाला होता तो कारागिराच्या गळ्यात मारला आणि निघायच्या तयारीला लागलो. तुझी आई तर फोन ठेवल्या ठेवल्या माळ्यावर चढली. तुझी गादी उन्हात टाकली, कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, आणि आधी शेजारणीला, मग तिच्या जावेला, मग अख्ख्या गल्लीला सांगून मोकळी झाली की पोरगी परत येतेय. निघताना मला दारात अडवून बजावलं, तिला घेऊनच या, एकटे आलात तर दार उघडणार नाही. ती बोलते तसं करते, हे तुला सांगायला नको. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा न सांगता सिनेमाला गेलो होतो तेव्हा ओसरीवर झोपलेला माणूस आहे मी.

उद्या अकराची बस आहे. तू उद्यापासून सुट्टी टाकलीस, राजीनामा घरी गेल्यावर कळवायचा असं ठरवलंस, तुझी बॅग भरून दाराशी उभी आहे. सगळं जमून आलंय. मधे ही न्याहारीची भानगड आडवी आली नसती तर मला हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

आल्या दिवशी तू दार उघडलंस तेव्हा मी हसलो, काहीतरी बोललो, पण माझी नजर तुझ्या खांद्यांवर होती. निळा कोट मीच शिवलेला, माझ्या हातानं. खांद्याची शिवण दंडावर उतरली होती आणि कमरेला चांगलं दोन बोटं कापड मोकळं पडत होतं. शिंप्याला वजनकाटा लागत नाही ग. तू म्हणालीस, खाते की व्यवस्थित. मी म्हटलं, बरं बरं. आपल्या घरात असंच चालतं, एकजण थाप मारतो आणि दुसरा ती आवडीनं पांघरून घेतो.

मग पहिल्या दोन सकाळी आपण दोघांनी मिळून जो शहाणपणा केला त्याला तोड नाही. तू रात्रपाळी करून येणार, दमलेली असणार, मी जागा दिसलो तर माझ्या चहापाण्याच्या मागे लागणार, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. तू चपला हातात धरून, दिवाही न लावता आलीस. बाबा झोपलेत, भांड्यांचा आवाज नको, म्हणून काही न खाता तशीच पडद्यामागे आडवी झालीस. दोघंही उपाशी, दोघंही टक्क जागे, आणि दोघंही दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून श्वास जपून घेतोय. पहिल्या दिवशी पडद्यापलीकडून गुरगुर ऐकू आली तेव्हा मला वाटलं, हाच तो गळका नळ. दुसऱ्या दिवशी कळलं की नळ नाही, माझ्या लेकीचं पोट आहे. हा मूर्खपणा फक्त तुझ्यामाझ्यातच होऊ शकतो. तुझी आई असती तर तिनं सरळ उठून दिवा लावला असता, दोघांना फैलावर घेतलं असतं आणि चहाचं आधण ठेवलं असतं.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की तू यायच्या आधीच बाहेर पडायचं, म्हणजे तुला खोलीत हवी तेवढी भांडी वाजवता येतील. तुला मी सांगितलं, पाय मोकळे करायला जातो. खरं म्हणजे मला सपाटून भूक लागलेली असायची. मी या गावात न्याहारीची चांगली जागा शोधायला लागलो, आणि तुला माझा स्वभाव माहीत आहे, एक काम हातात घेतलं की त्याचं अस्तरसुद्धा उलटून बघायचं.

पहिलं धरलं ते बस स्टँडसमोरचं, काचेच्या दाराचं. भिंतीवर खाण्याचे एवढाले रंगीत फोटो. आमलेट असं आलं की त्याचा तळवा करून बुटात घालता आला असता. वाढप्याच्या सदऱ्याला कडक इस्त्री, पण बाह्या मनगटाच्या खाली लोंबत होत्या. दुसऱ्याच्या मापाचा कपडा अंगावर असलेला माणूस मन लावून वाढत नाही, त्याचं अर्धं लक्ष बाह्या सावरण्यात असतं. मी पैसे दिले आणि उपाशीच उठलो. पुढच्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये गेलो. लिलाव आटोपला की तिथेच एक बाई भल्यामोठ्या तव्यावर ताजा मासा तळते आणि पावात घालून कागदावर देते. काय सांगू तुला, मी मागून मागून खाल्लं, शेवटी तीच म्हणाली, काका, आता पुरे. पण खायचं उभ्यानं, ओल्या फरशीवर, चहूबाजूंनी टोपल्यांची ओढाताण आणि ओरडा. मी बोटं चाटत होतो आणि मनात म्हणत होतो, गुंडी काही इथे उभी राहायची नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्वतःसाठी जागा बघतच नाहीये. तुला तर मी घेऊन जायला आलोय, मग तुझ्यासाठी इथे न्याहारीची जागा कशाला बघायची? पण मन असं विचारून चालत नाही.

मग कस्टमच्या कचेरीशेजारचं कॉफीचं दुकान. तिथे कारकून मंडळी बसतात, प्रत्येकाचं वेगळं टेबल, प्रत्येकापुढे उघडलेलं वर्तमानपत्र. पाव ताजा, लोणी ताजं, कॉफी अशी की तुझ्या आईनंही नाव ठेवलं नसतं, आणि तिनं नाव न ठेवलेली वस्तू मला अजून दुसरी भेटायची आहे. पण तासभरात तिथे कुणी कुणाशी शब्द बोललं नाही. चमचासुद्धा लाजून वाजत होता. तुला शांतता हवी असती तर ही जागा सोन्यासारखी होती. पण शांतता तुझ्याकडे खंडीभर पडलीय. रात्रभर तू वायरलेसवर जहाजांशी बोलतेस आणि दिवसा तुझ्याशी बोलायला माणूस नाही, हेच तर तुझं दुखणं आहे. तू कधी तोंडानं म्हणाली नाहीस, पण मला कळलंय.

त्याच दुकानाच्या खिडकीतून मी तुला बघितलं. तुझी ड्यूटी संपली होती. बंदराच्या भिंतीच्या कडेकडेनं, मान खाली घालून, झपझप येत होतीस. समोर गोदीच्या फाटकापाशी एक निळ्या दाराचं घर आहे, पाटी नाही, काही नाही, धूर मात्र निघत होता. आतून एकदम मोठा हशा आला. तू थांबलीस. दारातून आत डोकावलंस. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलीस, क्षणभर आणखी उभी राहिलीस आणि निघून गेलीस. मी खोलीवर आलो तेव्हा ओट्यावरचं एकही भांडं हललेलं नव्हतं. तू उपाशीच झोपली होतीस. म्हणजे माझ्यामुळे नव्हे, तू रोजच अशी झोपतेस. गुंडी, त्या दिवशी मी जिन्यात जाऊन बसलो आणि पोरीसारखा रडलो. तुझं ते डोकावणं माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी मी त्या निळ्या दारातून आत गेलो. म्हटलं, बघू तरी माझी लेक कशापाशी थांबली होती.

आत एकच लांब टेबल आहे, दोन्ही बाजूंना बाकडी. जागा मिळेल तिथे बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. खाणं दोघी बायका चालवतात, नणंद आणि भावजय. नणंद शेगडीपाशी, अंडी-बटाटे तिच्याकडे. भावजय पाव कापते, चहा करते, वाढते. दोघी एका घरात राहतात, एका छपराखाली राबतात, आणि कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. का, ते कुणालाच धड माहीत नाही. कुणी म्हणतं शेगडीच्या जागेवरून बिनसलं, कुणी म्हणतं एका पातेल्यावरून. पण धंदा म्हटला की बोलावं तर लागतं. मग त्या गिऱ्हाइकांमार्फत बोलतात. मी नुकता टेकलो होतो तेवढ्यात नणंद माझ्याकडे बघून म्हणाली, तिला सांगा, चहाचं पाणी आटत चाललंय. भावजय माझ्यापासून हातभर अंतरावर उभी. मला वाटलं, बिचारीला ऐकू येत नसेल. म्हणून मी तिच्या कानाशी तोंड नेऊन केवढ्यानं ओरडलो. अख्खं टेबल खो खो हसायला लागलं आणि भावजयीनं कान चोळत मला सांगितलं की तिला सांगा, मला ऐकू येतं.

त्या टेबलाशी गप्प बसताच येत नाही, गुंडी. कितीही मुखदुर्बळ माणूस असला तरी निरोप्याचं काम त्याच्या गळ्यात पडतंच. मासळी निवडणाऱ्या दोघीतिघी येतात. रात्रपाळी उरकून एक नर्सबाई येते, बूट काढून पाय पुढच्या बाकड्याखाली लांब करते आणि डोळे मिटूनच खाते. तिलासुद्धा सोडत नाहीत. दुसऱ्या दिवसापर्यंत मी चांगला तयार झालो. भावजय म्हणाली, तिला विचारा, एवढं मीठ घालून माणसं मारायची आहेत का? मी नणंदेला म्हटलं, आज मीठ जरा सढळ हातानं पडलंय का, असं विचारतायत. नर्सबाईनं एक डोळा उघडला आणि म्हणाली, हे काका कामाचे आहेत. त्या दिवशी बटाटे मला जास्त मिळाले. भावजयीच्या ॲप्रनचा बंद तुटायला आला होता, मी खिशातली सुई काढून तिथेच टाके घातले. नणंद म्हणाली, तिला सांगा, आता तरी नीट बांध.

खाणं साधंच आहे. अंडी, परतलेले बटाटे, भाजलेला पाव, दाट चहा. पण ताटलीतून वाफ येते आणि कुणीतरी तुझ्याकडे बघून वाढतं. मी तेव्हाच ठरवलं होतं की जायच्या आधी तुला एकदा इथे आणायचं. तोवर घेऊन जायचा विचार पक्काच होता, हे लक्षात घे.

मग परवाचा दिवस. टेबलाच्या टोकाला टगबोटीचा सुकाणूवाला बसतो, लोकरी टोपीवाला, डोळे लालभडक. टगबोट म्हणजे मोठ्या जहाजाला दोर लावून धक्क्याला आणणारी छोटी बोट, हे तुझा बाप आता शिकलाय. बोलता बोलता मागच्या धुक्याचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, त्या रात्री तू जहाज आत आणलंस कसं? तो टोपी मागे सारून पावाला लोणी लावत, अगदी रोजचं काही सांगावं तसा म्हणाला,

‘मी कसला आणतोय. मला माझ्याच बोटीचं नाक दिसत नव्हतं. ती रात्रीची बाई आहे ना वायरलेसवर, ती बोलत राहिली. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. एवढं डावीकडे, आता थांब, आता हळू. म्हटलं, तिला रडारवर दिसतंय म्हणजे आपल्याला दिसलंच. तिची पाळी असली ना, की मी बायकोला सांगून निघतो, आज काळजी करू नकोस.’

नर्सबाईनं विचारलं, आहे कोण ती? तो म्हणाला, कुणास ठाऊक. कधी बघितली नाही. ती तिकडे वर मनोऱ्यात आणि आम्ही खाली पाण्यावर. त्याच्या शेजारचा इंजिनवाला म्हणाला, आम्ही तिला ओळखतो ते फक्त आवाजानं, तोंड उघडलं की लगेच कळेल. नणंद शेगडीवरून म्हणाली, त्या बाईला एकदा खायला घेऊन या की. भावजय म्हणाली, तिला सांगा, बाई येईल तेव्हा येईल, आधी बटाटे करपतायत ते बघ. सगळे हसले. मी चहाच्या पेल्यात तोंड खुपसून बसलो. ती माझी मुलगी आहे, असं जिभेच्या टोकावर आलं होतं, पण तिथेच राहिलं. तू त्यांच्या दारावरून रोज उपाशी जातेस, आणि ते रोज तुझ्या भरवशावर समुद्रातून आत येतात, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही.

तो बोलत होता तेव्हा मला दुकानातली तू दिसत होतीस. शाळेतून बाई निरोप पाठवायच्या, मुलगी हुशार आहे पण तोंड उघडत नाही. पाहुणे आले की तू कापडाच्या गठ्ठ्यांमागे. पण मी कापायला उभा राहिलो की स्टुलावर चढून मापं तूच वाचून दाखवायचीस. छाती अडतीस. बाही तेवीस. खांदा साडेसतरा. एकेक आकडा मोकळा, स्वच्छ, मी कात्री फिरवून होईपर्यंत थांबून मग पुढचा. कारागीर चुकला तर दुसऱ्यांदा सांगायचीस, त्याच आवाजात, न चिडता. मी तुझ्या आईला म्हणायचो, हिच्या आवाजावर डोळे मिटून कापड कापावं. तेव्हा ते कौतुकानं बोललेलं होतं. तो माणूस तर खरोखर काही दिसत नसताना तुझ्या आवाजावर बोट चालवतोय. मला इतका अभिमान वाटला गुंडी, की छातीचं माप बदललं असेल.

आणि त्याच्या पाठोपाठ मला भीती वाटली. कारण तू इथे कुणालाच नकोशी असतीस तर माझं काम सोपं होतं. बॅग उचलायची, बसमध्ये बसायचं, संध्याकाळी घरी. खरं सांगू का, तुला न्यायची घाई तुझ्यापेक्षा मला जास्त आहे. तू गेल्यापासून दुकानात मापं कारागीर वाचतो आणि सगळी एका श्वासात वाचून टाकतो. तुझी आई दोघांपुरतं करायचं विसरते आणि मग उरलेलं झाकून ठेवते. तू परत आलीस तर आमचं घर भरेल. तू फोन केलास तेव्हा मला वाईट वाटलं हे खरं, पण त्या वाइटाच्या पोटात केवढा आनंद झाला होता तेही खरं. मुलीच्या रडण्यावर बापानं असं खूश व्हावं का? पण झालो होतो. म्हणून गेले दोन दिवस माझं मला कळेना की मी तुला नेतोय ते तुझ्यासाठी की माझ्यासाठी.

तुझा एकटेपणा खोटा आहे असं मी म्हणत नाही. मी ही खोली पाहिलीय. रात्री जागायचं, दिवसा झोपायचं, रविवारी खिडकीतून पाण्याची टाकी बघायची. मी असतो तर कधीच पळून आलो असतो. तू इतके महिने काढलेस. आणि तू घरी आलीस म्हणजे हरलीस असंही कुणी समजणार नाही, निदान माझ्या देखत कुणी म्हणून दाखवावं. पण तू हे गाव सोडून जाशील तेव्हा तुला इथे कुणी ओळखत नव्हतं, असं मनात धरून जाशील, आणि ते खरं नाही. ते चुकीचं माप आहे. चुकीच्या मापावर मी आजवर कात्री चालवली नाही, आणि तुझ्या बाबतीत तर मुळीच चालवणार नाही. हे तुला कळावं आणि मग तू ठरवावंस, एवढ्यासाठी मी लिहितोय. पण नुसतं लिहून भागणार नाही, तू वाचशील आणि म्हणशील, बाबांना काय, सगळ्यांचं कौतुकच असतं.

म्हणून हे पत्र मी खोलीत ठेवणार नाही. आज तू उठलीस की मी तुला सांगणार आहे, उद्या ड्यूटी संपल्यावर गोदीच्या फाटकापाशी त्या निळ्या दाराच्या खाणावळीत ये, मी तिथे थांबतो, दोघं खाऊ आणि मग निघू. ही थाप आहे, आणि तू ती नेहमीसारखी आवडीनं पांघरून घेशील. मी तिथे नसेन, पहाटेच हे पत्र भावजयीच्या हातात देऊन स्टँडवर गेलेलो असेन. तू दारात उभी राहून नुसती नजर फिरवशील, मी दिसलो नाही तरी कुणाला विचारायची नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी आज सकाळीच भावजयीला खूण सांगून आलोय, निळा कोट, खांदा उतरलेला. ती काही न विचारता तुला हाताला धरून बसवेल आणि हे पत्र देईल. म्हणजे आत्ता तू तिथेच आहेस, त्या लांब टेबलाशी. ताटली पुढ्यात आली असेल. नर्सबाई डोळे मिटून खात असेल, टोकाला लोकरी टोपी दिसत असेल. माझी मुलगी येणार, एवढंच मी सांगितलंय. तू काम काय करतेस ते त्यांच्यापैकी कुणालाही माहीत नाही. ते सांगणं माझं काम नाही.

मी स्टँडवर आहे. तुझी बॅग मी आणलेली नाही, ती खोलीच्या दाराशी जशी होती तशीच आहे. अकरा वाजेपर्यंत माझ्या शेजारच्या जागेवर रुमाल टाकून बसलेला असेन. आलीस तर मी खिडकीची जागा तुला देईन आणि वाटेत एक प्रश्न विचारणार नाही. नाही आलीस तर तुझ्या आईची समजूत काढणं माझ्याकडे लागलं, दार उघडेपर्यंत ओसरीवर झोपायची मला सवय आहे. दोन्हीतलं काहीही कर, मी तुझाच बाप राहीन. पण जे काय करायचं ते खाऊन कर. आणि चहा पुढ्यात नाही म्हणून चिडू नकोस. मी मुद्दामच सांगून ठेवलंय, तिनं मागितल्याशिवाय चहा द्यायचा नाही. तेव्हा आता हा कागद मिटव, मान वर कर, आणि रात्री जहाजांशी बोलतेस ना, त्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा एक चहा माग.

तुझाच,
बाबा